बाटलीचा खिळा

संशोधन दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही म्हणतात. साफ खोटं. आमच्या डॉक्टरांकडे ते भिंतीवर चिकटवलेलं आहे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, शेजारी हसरं बाळ. बाळाच्या कपाळात तीन इंची खिळा. त्यावर सलाईन टांगतात.

"खिळा नेमका इथेच का?" मी कंपाउंडरला विचारलं.

"बाकीची भिंत भुसभुशीत आहे," तो म्हणाला.

परवा मेव्हण्याला लग्नातली बासुंदी भोवली. चार जुलाब. गडी स्वतः चालत दवाखान्यात गेला, वाटेत दोन पेले ताक प्याला, तेही पोटात राहिलं. म्हणजे तोंड, घसा, सगळं शाबूत. तरी थेट खिळ्याखाली आडवा. वर मलाच म्हणतो, "दाजी, पिवळी लावायला सांगा. पांढरीत ताकद नसते."

पिवळी म्हणजे पांढरीतच जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलेली. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तेवढी आमच्या सासूबाई दोन कप चहात घालतात. साध्या सलाईनमध्ये मीठ साडेचार ग्रॅम. पण चहा पिऊन कोणी पारावर सांगत नाही, 'काल दोन लावले.' बाटलीचं तसं नाही, तिला मान असतो. एक लागली तर अशक्तपणा, दोन लागल्या तर प्रकरण गंभीर, तिसरी लागली की मुंबईचे नातेवाईक रात्रीच्या गाडीने निघतात, मोसंब्यांचा भाव वाढतो आणि ज्या भावकीशी बांधावरून दहा वर्षं बोलणं नाही, तीसुद्धा पायाशी येऊन उभी राहते आणि थेंब मोजते. त्याच मीठ-साखरेच्या वीस-बावीस रुपयांच्या पुडीसाठी कोण येणार? डॉक्टरही खासगीत कबूल करतात, "पुडी दिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. तिथे दोन खिळे आहेत."

१९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती. बाटल्या संपत आल्या, तेव्हा मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरात तीसजण दगावत होते, ते चारांच्या आत आले. आम्हाला पन्नास वर्षांत बाटल्या संपण्याचं भाग्य लाभलेलं नाही. ज्याचे डोळे खोल गेलेत, ज्याच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही, ज्याची शुद्ध हरपत चालली आहे, त्याला सलाईन हवंच हो, आणि तातडीने हवं! पण त्याला दवाखान्यात आणतात तेव्हा खिळा मोकळा नसतो. तिथे माझा धडधाकट मेव्हणा पिवळा होत पडलेला असतो.

बिल चुकतं करताना पाहिलं, पोस्टर पार फाटलं होतं. बाळाचं नुसतं हसू उरलं होतं.

"नवीन आलंय," कंपाउंडर म्हणाला. "मोठं आहे. दोन खिळे बसतील."