कधी जाताय?

शिरूरला मी सीएचबीवर मानसशास्त्र शिकवतो. म्हणजे जितके तास, तितके पैसे. हे पैसे अबोध मनासारखे असतात: आहेत असं सगळे सांगतात, दिसत कुणालाच नाहीत.

अपसामान्य मानसशास्त्रात फ्रॉइडचा मनोगतिकीय दृष्टिकोन हे माझं लाडकं प्रकरण. बाकीच्या दृष्टिकोनांत मेंदूतली रसायनं नाहीतर लागलेल्या सवयी, सगळं कोरडं. इथे सरळ घरातलं भांडण. इदंला सगळं आत्ताच्या आत्ता हवं, पराहं काठी घेऊन उंबऱ्यात उभा, मधल्यामध्ये अहंची ओढाताण. अहं मग नको ती इच्छा अबोधात ढकलून कडी लावतो, हेच दमन. ती मागल्या दाराने सोंग घेऊन परत येते, कधी भीतीचं, कधी आजाराचं. १९०९ सालचा छोटा हान्स घ्या. व्हिएन्नातलं पाच वर्षांचं पोर, घोडा चावेल म्हणून रस्त्यावर जाईना. फ्रॉइड म्हणाला, घोडा म्हणजे बाप. यावर मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तो घोडनदीला आला असता तर?" (शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.) मी हसलो. तेव्हा मी हसू शकत होतो.

खरी ग्यानबाची मेख फ्रॉइडच्या १९०१ च्या लिखाणात आहे. विसरणं, जीभ घसरणं, वस्तू हरवणं यांमागे तीच यंत्रणा असते जी मनोरुग्णाच्या लक्षणांमागे असते, असं फ्रॉइड म्हणतो. म्हणजे शहाण्यात आणि वेड्यात भिंत नाही, नुसता पडदा. मी नोट्समध्ये ठळक लिहिलं: 'चूक कधीच चुकून होत नाही.' नोट्स बायको टाइप करते. तिथे माझं चुकलं. चुकून.

त्याच आठवड्यात सोलापूरहून सासूबाईंचा फोन आला. मी अत्यंत आदराने विचारलं, "मग, कधी जाताय?"

'येताय' म्हणायचं होतं. टाइप करणारी बोटं थांबली.

शिरूरला रेल्वे नाही. सोलापूरकडून येणारं माणूस दौंडला उतरवून घ्यायचं. शेजाऱ्याची अल्टो मागून मी दोन तास आधीच निघालो, हे कृपया नोंदवून घ्यावं. पण न्हावऱ्याच्या पुढे वाट जरा वाकडी केली की इनामगाव लागतं. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम करून ताम्रपाषाणयुगातलं गाव वर काढलं, ते हे. माझं म्हणणं असं की फ्रॉइड शिकवणाऱ्याने इनामगाव टाळणं पाप आहे. त्याला मन म्हणजे उत्खनन वाटायचं, एकाखाली एक थर. स्वतःच्या घरात त्याने दोन हजारांवर पुराणवस्तू जमवल्या होत्या. आणि इनामगावची माणसं तर आपली मेलेली पोरं रांजणात घालून घरातल्याच जमिनीखाली पुरत. वर चूल, खाली पोर. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडत. कशासाठी? मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये, घरातच राहावं म्हणून, असा अभ्यासकांचा एक तर्क. दमन, दमन म्हणून मी फळा खरडतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण व्हिएन्नात तरी मिळेल का? मी पांढरीच्या टेकाडावर बसलो आणि पुढच्या तासाचं भाषण मनात रचायला लागलो. फार सुंदर रचलं.

दौंडला पोचलो तेव्हा गाडी येऊन, थांबून, पुण्याकडे निघून तासावर वेळ झाला होता. एरवी जी गाडी दौंडच्या अलीकडे सिग्नलला डुलक्या काढते, ती त्या दिवशी वेळेवर होती. यावर फ्रॉइडने काही लिहिलेलं नाही. सासूबाई फलाटावर बॅगेवर बसल्या होत्या. शेंगाचटणीच्या वासाने आजूबाजूला कुत्र्यांची सभा भरली होती.

"जावईबापू, नसतं जमत तर सांगायचं. मी एसटीनं आले असते."

घरी खटला उभा राहिला तेव्हा फिर्यादीच्या हातात माझ्याच नोट्स होत्या, अहंच्या संरक्षण यंत्रणांच्या पानावर उघडलेल्या.

"अगं, मुद्दाम नाही केलं!"

"नकार. पान चार."

"रस्ता किती खराब आहे!"

"यौक्तिकीकरण."

"तुलाच तुझी आई नकोय, आणि माझ्यावर ढकलतेस!"

"प्रक्षेपण. तुम्ही उदाहरण वेगळं दिलंय, पण हे चांगलं आहे, घालू या."

मी निमूट उठलो, सासूबाईंना आल्याचा चहा केला, पाठीला उशी दिली.

"प्रतिक्रियानिर्मिती," बायको समाधानाने म्हणाली. "मनात राग, वर सेवा."

शेवटी मी कार्ल पॉपरला बोलावलं. जो सिद्धांत कशानेच खोटा पडू शकत नाही तो विज्ञान नव्हे, हा पॉपरचा फ्रॉइडवरचाच आक्षेप. मी पाच मिनिटं बोललो. तिने शांतपणे पान उलटलं. "बौद्धिकीकरण. भावना अंगावर आल्या की माणूस पुस्तकातलं बोलायला लागतो." मग तिने हुकमाचा पत्ता काढला. माझ्याच कपाटातलं १९१३ चं 'टोटेम अँड टॅबू'. जावई आणि सासू यांच्या नात्यात माया आणि वैर एकाच वेळी कसे नांदतात, हे फ्रॉइडने त्यात सविस्तर लिहिलंय. ती पानं मी कॉलेजात असताना पेन्सिलने अधोरेखित केली होती. लग्नाच्या सहा वर्षं आधी. हेतू जुना असल्याचं सिद्ध झालं.

सासूबाई इतका वेळ चहा फुंकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पण इतका वेळ होतात कुठं?"

मी इनामगावचं सांगितलं. रांजण, चूल, तोडलेले पाय, सगळं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"म्हणजे माणूस घरातनं जाऊ नये म्हणून?"

"हो."

त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, लुगड्याखाली ओढून घेतले आणि म्हणाल्या, "एवढं करायला नको. मी तशीही दिवाळीपर्यंत राहणारच होते."

ज्येष्ठ नुकता लागला होता. 'अवश्य राहा' म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं. बायकोने पेनाचं टोपण काढलं.