पावसातला घोडा ऐकण्याची कृती

(फक्त नवशिक्यांसाठी. जाणकारांनी पान उलटावं.)

साहित्य

पियानो १, चेलो १, डबल बास १. पाऊस चवीपुरता. सिनेमा नको.

शेवटचा जिन्नस छापण्यात चुकलेला नाही. सिनेमा आहे. 'द रेन हॉर्स' हा दिमित्री गेलर या रशियन दिग्दर्शकाचा अ‍ॅनिमेशनपट. त्याचं संगीत न्यूयॉर्कच्या जॉन झॉर्नचं, आणि ते २००८ साली झॉर्नच्याच 'त्झाडिक' या कंपनीने काढलं. 'फिल्मवर्क्स' नावाची त्याची पंचवीस अल्बमांची मालिका आहे, त्यातला हा एकोणिसावा. या मालिकेतले बरेचसे सिनेमे आपल्याकडच्या थेटरांत कधी लागले नाहीत आणि लागणारही नाहीत. त्यामुळे मालिकेचा श्रोता पहिल्यापासूनच ताट नसलेल्या पंगतीत बसलेला असतो. वाढलेलं मात्र उत्तम असतं.

पूर्वतयारी

घरच्यांना आधी सांगून ठेवा. ही पायरी मी गाळली होती. चेलोचा पहिला लांब गज ओढला गेला आणि आतून आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण गेलं रे?"

तिची काही चूक नाही. कोणी मोठा पुढारी गेला की आकाशवाणी सगळे कार्यक्रम थांबवून सारंगी लावायची, त्या काळात तिचे कान घडले. गजाने वाजणारं वाद्य, चाल संथ आणि सोबत तबला नाही, एवढं जुळून आलं की आमच्या घरात आजही दुखवटाच जाहीर होतो. तेव्हा अगोदरच सांगा: कोणी गेलेलं नाही, घोडा येतोय.

आणि तबल्याची वाट पाहू नका. मी पाहिली.

वाद्यं ओळखणे

पुस्तकात 'पियानो ट्रायो' म्हणजे व्हायोलिन, चेलो आणि पियानो. हायडनपासून बहुतेकांनी ही मांडणी पाळली आहे. इथे व्हायोलिन नाही. रॉब बर्गर पियानोवर, एरिक फ्रीडलँडर चेलोवर, ग्रेग कोहेन डबल बासवर. म्हणजे घरातला धाकटा, किनऱ्या आवाजाचा मुलगा कुठेतरी गेलाय आणि दोन थोरलेच पाहुण्यांपुढे येऊन बसलेत. नवशिक्याला ही उणीव वाटेल, पण सगळी गंमत तिथेच आहे. चेलोची खालची तार खर्जातली. पण इथे गाण्याचं काम त्यालाच करायचं असल्यामुळे तो वरच्या तारेवर चढतो, आणि तिथे त्याचा आवाज एखाद्या वयस्क माणसाने गळा दाटून आल्यावरही जपून बोलावं तसा येतो. तीच चाल व्हायोलिनने वाजवली असती तर गोड झाली असती. मला वाटतं, गोडपणा टाळण्यासाठीच त्या मुलाला बाहेर पाठवलं असावं.

फ्रीडलँडर आणि कोहेन झॉर्नच्या 'मसादा स्ट्रिंग ट्रायो'त मार्क फेल्डमनच्या व्हायोलिनसोबत कितीतरी वर्षं वाजवत आलेले. इथे व्हायोलिनच्या खुर्चीवर पियानो आला, आणि बैठकीचा रंगच बदलला.

डबल बास ओळखायला सोपा: जे ऐकू येण्याआधी छातीत जाणवतं ते. चेलोपेक्षा तो उंच, जाड, आणि बहुतेक वेळ बोटांनी छेडलेला. ठेका त्याच्याकडे आहे, पण तो समेवर हात आपटून दाखवणाऱ्यांतला नाही. तुम्हाला सम सापडली नाही तर दोष त्याचा नाही.

राहिला पियानो. मींड घेणाऱ्या दोघांच्या मधोमध एक मींड न घेणारा. आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झाला. स्वरांच्या मधली वाट पेटीला चालता येत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दारच बंद केलं होतं. चेलो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, पियानो मात्र पायऱ्यांनी उतरतो. पाऊस कोण आणि घोडा कोण, हे या फरकावरून ठरवता येईल असं नवशिक्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. दुसऱ्या वेळी ऐकताना दोघांची अदलाबदल झाली.

मुख्य कृती: टापा शोधू नका

इथे थोडं थांबावं लागेल, कारण निम्मे शिकाऊ याच टप्प्यावर करपतात.

अ‍ॅनिमेशनचं संगीत म्हणजे काय हे आपल्याला लहानपणी कार्टून बघताना पाठ झालेलं आहे. मांजर चवड्यांवर चाललं की तारा छेडायच्या, जिन्यावरून गडगडलं की झायलोफोन, डोक्यात तवा बसला की झांज. पडद्यावर जे घडेल तेच वाद्यात, त्याच क्षणी. या पद्धतीला मिकी माउसचंच नाव पडलं आहे. तिचा महागुरू कार्ल स्टॉलिंग. मूकपटांच्या थेटरात ऑर्गन वाजवून तयार झालेला हा माणूस. १९२९ साली डिस्नेच्या 'स्केलेटन डान्स'ला त्याचं संगीत होतं आणि १९३६ ते १९५८ अशी बावीस वर्षं तो वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांना संगीत देत होता. बग्ज बनी गाजर चावता चावता थबकतो, तेव्हा वाद्यवृंदही थबकतो. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला १४४०. त्यातल्या नेमक्या चौकटीवर ठोका पडावा म्हणून वादकांच्या कानात टिकटिक सोडायची युक्ती रुळवण्यात स्टॉलिंगचा मोठा हात होता.

आणि या स्टॉलिंगचा निस्सीम भक्त कोण? जॉन झॉर्न. विद्यार्थिदशेत त्याने स्टॉलिंगच्या संगीतावर प्रबंध लिहिला. पुढे 'नेकेड सिटी' या गटाच्या १९९० च्या अल्बममध्ये त्याने तासाभरापेक्षा कमी वेळात २६ तुकडे कोंबले. त्यातल्या एकाला तर 'स्नॅगलपस' या कार्टूनमधल्या प्यूमाचंच नाव आहे. जॅझ, किंकाळी, काउबॉय, पुन्हा किंकाळी, अशा दर दोन-चार सेकंदांनी उड्या. त्याचा सॅक्सोफोन ऐकून शेजारच्यांनी दार वाजवल्याची उदाहरणं मला वैयक्तिक पातळीवर माहीत आहेत.

तर या माणसाच्या हाती एक अ‍ॅनिमेशनपट आला, त्यातही घोडा, त्यातही पाऊस. टापा, खिंकाळणं, विजा, चिखल: स्टॉलिंगच्या शिष्याला याहून मोठी मेजवानी कुठली? चित्रपटाच्या पूर्वजांतला एक तर घोडाच आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावून दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं, तेव्हापासून हलतं चित्र आणि घोडा यांची सोयरीक आहे.

आणि झॉर्न यातलं काहीच करत नाही.

'द स्टॅलियन' हा तुकडा लावा. नाव वाचून तुम्ही टापा मोजायला बोटं वर कराल. ती खाली घ्या. घोड्याचे पाय इथे कोणी वाजवत नाही. तो उभा असताना त्याच्या अंगावरून कातडीची जी एक लाट सरकून जाते, तिच्या जवळपासचं काहीतरी वाजतं. गुरूची विद्या इतकी पचवल्यावर ती वेळेला खिशात ठेवता येणं, हे मला या अल्बममधलं सगळ्यात अवघड काम वाटतं. ज्याला ठोका चौकटीवर पाडता येत नाही तो बाजूला पाडतो, त्यात विशेष काही नाही. याला पाडता येतो आणि तरी तो पाडत नाही.

चव पाहणे

मधेच कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार शेजारी येऊन कान टवकारले, वसंतमुखारीचा भास झाला, तर घाबरू नका. कान शाबूत आहेत. झॉर्नने मसादासाठी ज्यू परंपरेतल्या सुरावटींवर शेकडो चाली बांधल्या आणि इथले चेलोवाले, बासवाले त्या चालींत मुरलेले. सिनेगॉगमधल्या प्रार्थनेची एक जुनी स्वरपंक्ती आहे, 'आहावा रबा' नावाची. तिचे स्वर ओळीने मांडले तर पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी निघते. म्हणजे स्वर वसंतमुखारीचेच.

"हे मूळ आपलंच" असा संदेश कुटुंबाच्या गटावर पाठवण्याआधी एक पेला पाणी प्या. सात स्वर सारखे निघाले म्हणून राग सारखा होत नाही. चाळीतल्या दोन खोल्यांचं क्षेत्रफळ सारखं असतं, संसार वेगळे असतात.

तुकड्यांची नावं

वाचा आणि विसरा. 'टिअर्स ऑफ मॉर्निंग', 'ट्री ऑफ लाइफ', 'वेडिंग ऑफ वाइल्ड हॉर्सेस'. शेवटच्यावर वरात दिसायला लागली तर ती तुमची. घोडेवाल्याला पैसे तुम्हीच द्यायचे.

सिनेमा सापडलाच तर

शोधणारा शोधतोच. भाचा सापडवून देतो. अशा वेळी आवाज बंद करून बघा. चित्रं बघण्यासारखी असतात आणि त्यांच्यामागे कोणाचे तरी महिनोन्‌महिने गेलेले असतात. पण ऐकताना बघू नका, निदान पहिली पाच वेळा तरी.

माझा घोडा माथेरानचा आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तो आला, मी बोलावला नव्हता. जुलै महिना, पर्यटक नाहीत, लाल मातीचा रस्ता ओढ्यासारखा वाहतोय आणि एका बंद दुकानाच्या वळचणीला तो उभा आहे. मालक आत विडी ओढतोय. घोड्याने एक मागचा पाय जरासा उचलून धरलाय, घोडे विसाव्याला धरतात तसा. चेलो वर चढतो तेव्हा तो कान फिरवतो, बाकी काही करत नाही. गेलर यांच्या घोड्याशी याचा काही संबंध नसणार. त्यांच्या घोड्याला येऊ द्यायला माझी हरकत नाही, पण वळचणीला जागा एकाचीच आहे. आणि माझ्याच्या पाठीवर, खोगीर भिजू नये म्हणून, निळी ताडपत्री बांधलेली आहे.