अर्ज केला, म्हणून हक्क गेला

1881 साली ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या मलोगा मिशनमधल्या 42 आदिवासी पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला. आमच्या जमिनी वसाहतवाल्यांनी बळकावल्या, शिकार संपवली. निदान कसायला आणि गुरं पाळायला पुरेल एवढी जमीन द्या, म्हणजे बायकापोरांना आम्ही आमच्या कष्टावर पोसू. एवढंच मागणं.

शंभरहून अधिक वर्षांनी त्यांच्या वंशजांनी, योर्टा योर्टा लोकांनी, त्याच मुलखावर कोर्टात दावा लावला. तेव्हा हाच अर्ज त्यांच्यावर उलटला. शेतीसाठी जमीन मागितली, त्याअर्थी पूर्वापार जगणं तेव्हाच सुटलं होतं, असा निष्कर्ष 1998 साली न्यायमूर्ती ओल्नी यांनी काढला आणि दावा फेटाळला. वाडवडिलांकडून ऐकलेलं सांगणाऱ्या साक्षीदारांपेक्षा त्यांनी एडवर्ड कर याच्या लिखाणाला जास्त वजन दिलं. हा कर कोण? 1840 च्या दशकात याच मुलखात मेंढरं घेऊन शिरलेला गोरा. जमीन घेणाऱ्याची साक्ष खरी, गमावणाऱ्याची कच्ची! 2002 साली देशाच्या सर्वोच्च कोर्टानं पाच विरुद्ध दोन मतांनी हा निकाल कायम केला.

आदिवासींचा जमिनीवरचा हक्क पहिल्यांदा मान्य करणारा, याच सर्वोच्च कोर्टाचा 1992 चा माबो निकाल मी मोठाच मानतो. 'ही भूमी कुणाचीच नव्हती' हे दोनशे वर्षं पोसलेलं खोटं त्यानं मोडीत काढलं. पण ब्रिटिश राजसत्तेच्या सार्वभौमत्वाला देशातल्या कोर्टात आव्हान देता येणार नाही, हेही त्यातच लिहिलंय. खरी गोम तिथे आहे. त्यामुळे राजसत्ता आली त्या दिवशी जे कायदे-रिवाज होते, ते आजवर अखंड पाळल्याचं आदिवासींनी सिद्ध करायचं. थोडाफार फरक चालेल. नवा कायदा करायचा अधिकार मात्र संपला. जो समाज आपले नियम आपण बदलू शकत नाही, त्याला स्वतंत्र कसं म्हणायचं? गोऱ्यांनी दोन शतकांत सगळं बदललं, त्यांचा सातबारा कुणी तपासला नाही.

बरं, हक्क मिळाला तरी खाणीला ठाम नकार देता येत नाही. वाटाघाटी करा, बस्स. 2020 च्या मे महिन्यात रिओ टिंटो कंपनीनं लोहखनिजासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकन घळीतल्या, 46,000 वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगानं उडवल्या. सरकारी परवाना हातात होता आणि त्या जमिनीवर आदिवासींचा हक्क कोर्टानं आधीच मान्य केलेला होता.

परंपरा चालू आहे असं गृहीत धरा, ती तुटली हे सरकारनं सिद्ध करावं, असं न्यायमूर्ती रॉबर्ट फ्रेंच यांनी 2008 सालीच सुचवलं होतं. पुढे ते सरन्यायाधीश झाले. कायद्यात ही दुरुस्ती काही झाली नाही. ती आता करा.