ईसीएमवरचा आळ

गाडीला स्कॅनर लावला आणि त्याच्या पडद्यावर ‘गाडीशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाची ओळ उमटली, की जालन्यात भोकरदन नाक्यापासून अंबड चौफुलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, निकाल एकच लागतो: ईसीएम गेला. पंचनामा नाही, साक्षीदार नाहीत, आरोपीला बाजू मांडायची संधी नाही. मालकाचा चेहरा उतरतो, मिस्तरी आदराने दोन पावलं मागे सरतो आणि शेजारचा टायरवाला, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, तो ‘त्याला लई खर्च येतो’ एवढं सांगून जातो. माझं म्हणणं असं, की या खटल्यात ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा तो छोटा कॉम्प्युटर, बहुतेक वेळा निर्दोष असतो. गाडीतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी समजलेला भाग तोच असल्यामुळे संशय त्याच्यावर जातो, एवढाच त्याचा गुन्हा. खरे गुन्हेगार स्वस्त असतात, डोळ्यांसमोर असतात आणि पुष्कळदा आपणच पैसे देऊन बसवून घेतलेले असतात.

आरोप समजण्यासाठी आधी जागा पाहू. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याला लागेल अशा ठिकाणी, सोळा पिनांचा एक कपलर असतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांत गाडीनेच स्वतःची तपासणी करायची ही व्यवस्था २०१० पासून आणि तिचा दुसरा, जास्त कडक टप्पा २०१३ पासून आला. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा लागू झाल्यावर तर तिच्यातून सुटका उरली नाही. कायद्याचा हेतू साधा होता, धूर वाढला की गाडीने स्वतः कबूल करावं. पण आपण त्या कपलरकडून धुराशिवाय बाकी सगळ्याची अपेक्षा ठेवली. गाडी ॲव्हरेज का देत नाही, एसी थंड का करत नाही, मागच्या मालकाने किलोमीटर मागे फिरवले का, सगळं त्यानेच सांगावं. आणि एवढं ओझं ज्याच्यावर, तोच एक दिवस बोलेनासा झाला, तर माणसं घाबरणारच.

आता आतल्या मंडळींचं बोलणं कसं चालतं ते पाहा, कारण सगळी गोम तिथे आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली ‘कॅन’ नावाची पद्धत जगापुढे ठेवली. त्याआधी प्रत्येक निरोपासाठी वेगळी वायर ओढावी लागे. कॅनने इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर, दरवाजे या सगळ्यांना एकमेकींना पिळा घातलेल्या दोन वायरींवर आणून बसवलं. ही ग्रामसभाच म्हणा, फक्त आपल्याकडे अशी अजून भरलेली नाही. अध्यक्ष कुणीच नाही. दोघांनी एकदम तोंड उघडलं, तर ज्याचा निरोप जास्त निकडीचा तो बोलत राहतो आणि दुसरा आपणहून थांबतो, मनात राग न धरता, आणि पहिल्याचं संपलं की आपलं पहिल्यापासून सांगतो. कुणीही बोललं की ऐकणाऱ्यांपैकी निदान एकाने पोच द्यायची असते. कळस म्हणजे प्रत्येक सदस्य आपल्या चुकांची मोजदाद स्वतःच ठेवतो. आकडा १२७ च्या वर गेला की तो दुसऱ्याचं बोलणं तोडायचं सोडून देतो, आणि २५५ च्या वर गेला की कुणीही न सांगता सभात्याग करतो. जालना जिल्ह्यात तालुके आठ आहेत. त्यांतल्या एखाद्या सभेत असा एक तरी सदस्य सापडला तर त्याचा जाहीर सत्कार करावा लागेल. मात्र या सभेत एक उणीव आहे. सगळं बोलणं त्या दोन वायरींवरूनच होतं. त्यांतली एक कुठे बॉडीला टेकली, किंवा एखाद्या सदस्याने आतून दोन्ही एकमेकींना चिकटवल्या, तर निर्दोष मंडळींसकट सगळी सभा मुकी होऊ शकते.

आता तो आरोप नीट वाचू. कधी कधी बाकीच्या युनिटांशी संपर्क होतो आणि स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो. त्या कोडाचं पहिलं अक्षर ‘पी’ असेल तर तक्रार इंजिन-गिअरबॉक्सकडची, ‘बी’ असेल तर बॉडीची, ‘सी’ असेल तर चासीची आणि ‘यू’ असेल तर आपसातल्या संपर्काची. यू-०१०० चा अर्थ एवढाच, की ईसीएमकडून निरोप येत नाहीत. पण हे सांगतंय कोण? ब्रेकचं युनिट किंवा मीटर. म्हणजे जे सभेत बसलेत ते न आलेल्याची नोंद करताहेत. तो का आला नाही, त्याच्या घरची वीज गेली होती, वाट तुटली होती की तो खरंच वारला होता, हे त्यांना ठाऊक नाही आणि तसा त्यांचा दावाही नाही. आपणच गैरहजेरीच्या नोंदीला मृत्यूचा दाखला समजतो. याहून भक्कम पुरावा तर डोळ्यांसमोर उभा असतो. पुष्कळदा ही गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजात आलेली असते. इंजिन फिरत असतं, डिझेल मोजून सोडलं जात असतं, रेस दिली की ऐकत असतं. हे सगळं करणारा ईसीएमच. आणि तो पलीकडे काम करत असताना, त्याच्याच आवाजावर आपला आवाज चढवून, मिस्तरी मालकाला सांगत असतो की तो गेला.

मग खरे आरोपी कोण? पहिला मान मोबाइल चार्जरचा. अनेक गाड्यांत त्या सोळा पिनांपैकी सोळाव्या पिनेला मिळणारी बॅटरीची वीज आणि सिगारेट लायटरच्या भोकातली वीज एकाच फ्यूजवरून येते. यात्रेत घेतलेला चार्जर त्या भोकात शॉर्ट झाला, किंवा लेकराने त्यात नाणं टाकलं, की फ्यूज उडतो. गाडी चालतच राहते, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस स्कॅनर लावला की तो पेटतच नाही. स्वतःची बॅटरी असलेला टॅब्लेटसारखा मोठा स्कॅनर असेल तर घोळ आणखी वाढतो. तो ऐटीत पेटतो आणि दोष गाडीला देतो. दुसरी आरोपी बॅटरी. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या उष्म्यात बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. दमलेल्या बॅटरीवर सेल्फ मारला की व्होल्टेज नऊच्याही खाली येतं, सगळी युनिटं क्षणभर झोपून उठतात आणि उठताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने तक्रार लिहून ठेवतो. त्या एका सकाळची भांडणं स्कॅनरवर पुढे कितीतरी दिवस वाचायला मिळतात, म्हणून कोड आत्ताचा की जुना जमा झालेला, हे पाहायला हवं. तिसरी अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. डेंटिंग-पेंटिंगवाला अर्थच्या बोल्टाखाली असा सुंदर रंग मारून ठेवतो, की गाडी नव्यासारखी दिसते आणि वीज परत जायला जागा राहत नाही. उंदरांचं काय सांगावं? सोयाबीनच्या खळ्यावर मुक्कामाला राहिलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांना ऊब मिळते, आडोसा मिळतो आणि कुरतडायला वायरीही.

पण सगळ्यांत प्रतिष्ठित आरोपी तो, ज्याला आपण पैसे देऊन घरात घेतो. गाडी शोरूममधून निघते आणि थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जाते. तिथे मोठा टेप, मागचा कॅमेरा, सायरनवालं सेंट्रल लॉक आणि बसतील तेवढे निळे दिवे बसतात. पिळा घातलेली ती जोडी ज्याने दाताने सोलली आणि काळ्या टेपने गुंडाळली, त्याला तिच्यावरून पाच लाख निरोप-तुकडे सेकंदाला धावतात हे कुणी सांगितलेलं नसतं. व्यावसायिक प्रवासी गाड्यांना २०१९ पासून ट्रॅकर सक्तीचा झाला, तोही कुठल्या तरी वायरीवरूनच वीज घेतो. चांगला बसवला तर तक्रार नाही. वाईट बसवला तर गाडी कुठे आहे हे सगळ्यांना कळतं, पण तिला काय झालंय हे कुणालाच कळत नाही.

या सगळ्याचा तपास अवघड आहे असं मात्र नाही, आणि मला राग येतो तो याचाच. ज्या दोन वायरींवर सभा चालते, त्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर असतात. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. वाचता येतील ते कोड आधी लिहून घ्या, मग बॅटरीची वायर काढा, युनिटं झोपेपर्यंत थोडं थांबा आणि साधा मल्टिमीटर लावा. दोन्ही रेझिस्टर मिळून ६० ओहम आले तर जोडी धड आहे. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना भेटल्या आहेत, आणि मग एकेका युनिटचा कपलर काढत जायचं, ज्याला बाहेर काढल्यावर सभेला वाचा फुटते तो दोषी. (काही नव्या गाड्यांत कपलर आणि आतली जोडी यांच्या मध्ये गेटवे नावाचं युनिट असतं, तिथे हा आकडा वेगळा येऊ शकतो. त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहावा.) त्याआधी सोळा नंबरला बारा व्होल्ट आहेत का, चार आणि पाच नंबरला अर्थ आहे का, किल्ली चालू आहे का, एवढं पाहून घ्यावं. शेवटचा मुद्दा विनोदाने घालतोय असं समजू नका. आणि स्कॅनर एकदा दुसऱ्या चांगल्या गाडीला लावून पाहावा. बाजारात मिळणारा मोबाइलवर चालणारा निळा डबा हा बहुधा ईएलएम ३२७ नावाच्या कॅनडाच्या चिपची नक्कल असतो. मूळ चिपच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षणच नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी नाव पूर्ण उतरवलं, काम जमेल तेवढं.

आता आक्षेप. जुने मिस्तरी म्हणतात, कार्बोरेटरच्या काळात कान लावला की दोष कळायचा. कळायचा, मान्य. पण कानाला धूर मोजता येत नव्हता, आणि ते जे कान लावून, हात फिरवून, एकेक कारण खोडत जाणं होतं, तेच मी मल्टिमीटरने करा म्हणतोय. दुसरे म्हणतात, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, सगळं जागेवर येतं. पुष्कळ गाड्यांत येतं खरं, मीटरमधला इंजिनचा दिवा विझतो, आणि त्याबरोबर दोष घडला तेव्हाची जमा माहितीही पुसली जाते. म्हणजे चोर पळाला आणि वर आपणच त्याच्या पावलांवर सडा घातला. तिसरा आक्षेप वजनदार आहे. ईसीएम कधीच बिघडत नाही का? बिघडतो. पाणी शिरतं, उलटी बॅटरी लागते, आतली बोलण्यापुरती चिपही जळते, आणि मग इंजिन चालू असूनही तो खरंच मुका असतो. पण त्याला दोषी धरायचं ते वीज, अर्थ आणि जोडी तपासून झाल्यावर, शेवटी. नाही तर नवा ईसीएम त्याच तुटक्या वायरीवर बसतो आणि तोही ‘जातो’. चौथा आक्षेप असा, की कंपनीचा खास स्कॅनर बाहेरच्याला मिळतच नाही, मग बिचारा काय करणार? हा खरा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणूनच. पुढे अपिलं झाली, ती व्हायचीच. पण सोळा नंबरच्या पिनेवर बारा व्होल्ट आहेत का, हे पाहायला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

तरीही ईसीएमचाच बळी का जातो, याचं कारण मिस्तरीच्या अज्ञानात नाही, ते आपल्या खिशात आहे. दोन तास वायरी शोधून मिस्तरीने दहा रुपयांचा फ्यूज बदलला आणि सातशे रुपये मागितले, तर आपण भांडतो. फ्यूज दहाचा, मग हे सहाशे नव्वद कशाचे? त्याच माणसाने काहीही न शोधता चाळीस हजारांचा डबा बदलला, तर आपण दोन हजार कमी करून घेतो आणि खुशीत घरी जातो. शोधण्याचे पैसे द्यायचे नाहीत, वस्तूचे द्यायचे, असं आपण ठरवलंय, तेव्हा गॅरेजवाले वस्तू विकतात. उद्या हे मोटारींपुरतंही राहणार नाही. एप्रिल २०२५ पासून नव्या दुचाक्यांनाही स्वतःच्या तपासणीचा पुढचा टप्पा सक्तीचा झालाय, म्हणजे घनसावंगीच्या बाजारात उभ्या असलेल्या मोटारसायकलीचा ईसीएमही आता ‘जाऊ’ लागेल. तेव्हा पुढच्या वेळी तो निकाल कानावर आला, की आवाज न चढवता एवढंच विचारून पाहा: ‘भाऊ, सहा आणि चौदामध्ये ओहम किती आले?’ मिस्तरी हुशार असेल तर आकडा सांगेल. नसेल तर आधी तुमच्याकडे, मग तुमच्या हाताकडे ग्रीस लागलंय का पाहील आणि विचारेल, ‘तुमचं गॅरेज कुठंय म्हणे?’