गुन्हेगार पऱ्हाटी

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेने पटापट आडवे झाले. वीसहून अधिक दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मग विशेष तपास पथक बसले आणि कारणे मिळू लागली. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडाच्या उंचीवर मारावा लागला. नव्या पंपांतून तुषार फार बारीक उडत होते. शेतकऱ्यांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवली. आणि मजुरांनी मास्क लावला नव्हता. म्हणजे दोषी ठरले पीक, पंप आणि खुद्द मयत. औषधाची बाटली तेवढी बाइज्जत सुटली.

तसे तिच्यावर सगळे छापलेले असते. हातमोजे, गॉगल, मास्क, गमबूट, अंगभर कपडे. शिवाय लाल, पिवळा, निळा, हिरवा यांपैकी एक त्रिकोण, त्यात लाल सर्वांत जहाल. अक्षर मात्र असे, की भिंगसुद्धा त्या पोशाखातच द्यायला हवे होते. विदर्भातल्या सप्टेंबरच्या उकाड्यात हा सगळा सरंजाम अंगावर चढवून, पाठीवर भरलेला पंप घेऊन, ओल्या पऱ्हाटीतून दिवसभर फिरून दाखवणाऱ्या साहेबांचा सत्कार करायला गावे एका पायावर तयार होतील. रोजंदारीच्या मजुराच्या हाती तर बाटली येतच नाही. येतो तो कालवलेला डबा. त्याने त्रिकोण कुठे शोधायचा?

अशा बाटल्यांतली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवणारे कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. अळीतही आणि माणसातही. एवढा समतावादी पदार्थ सरकारच्या दुसऱ्या कुठल्या योजनेत नसेल. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. या विकराची पातळी रक्त तपासून कळते. यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा ती सोय नव्हती. कृषी सेवा केंद्रांत औषधांची सोय मात्र चोख होती.

याच गटातल्या मोनोक्रोटोफॉसची गोष्ट त्याहून न्यारी. 2005 मध्ये केंद्राने ते भाजीपाल्यावर वापरायला बंदी केली आणि कापसावर मोकळे सोडले. खाणाऱ्याची काळजी झाली. फवारणारा काही कापूस खात नाही, हे खरेच. 2013 मध्ये बिहारच्या एका शाळेत हेच विष माध्यान्ह भोजनात गेले आणि 23 मुले मेली. तरीही ते दुकानांत राहिले, यवतमाळनंतरही राहिले. त्याच्या 36 टक्क्यांच्या द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो 2023 मध्ये.