जिल्ह्याचे तज्ज्ञ

प्रत्येक जिल्ह्याला एक जिल्हाधिकारी असतो, एक पोलीस अधीक्षक असतो, एक जिल्हा शल्यचिकित्सक असतो, आणि या सर्वांच्या नेमणुकीचे व बदलीचे हुकूम मुंबईहून रीतसर निघत असतात. परंतु ज्याच्या नेमणुकीचा कागद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही, ज्याची बदली होत नाही, ज्याला मुदतवाढीचा अर्ज करावा लागत नाही आणि ज्याच्या हुद्द्याला निवृत्तीचे वयही लागू पडत नाही, असा आणखी एक अंमलदार प्रत्येक जिल्ह्यात नांदत असतो, आणि तो म्हणजे वृत्तवाहिन्यांचा व वृत्तपत्रांचा तज्ज्ञ. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा हुद्दा गेली कित्येक वर्षे राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे आहे. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचक ज्या जिल्ह्याचे रहिवासी असतील, तेथील नाव त्यांनी खुशाल घालून घ्यावे. अवघा जिल्हा त्यांना ‘सर’ म्हणतो, तेव्हा आपणही तेच म्हणू.

महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू होण्यासाठी सरांना जाहिरात, अर्ज, निवड समिती आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाची मान्यता एवढ्या सगळ्या उंबरठ्यांवर नाक घासावे लागले होते. तज्ज्ञ म्हणून रुजू होण्यास मात्र एक संध्याकाळ पुरली. कोणत्याशा निवडणुकीचा निकाल लागला होता, वाहिनीच्या वार्ताहराला सातच्या बातम्यांपूर्वी कोणाची तरी ‘बाईट’ मुंबईला पाठवायची होती, आणि त्याच्या दुचाकीत पेट्रोल बेताचे होते. सरांचे घर वाटेवर. सर अंगणात उभे. सरांनी आतून सदरा घालून येण्यास अवघी दोन मिनिटे घेतली आणि त्यानंतर आघाडी, बंडखोरी व मतविभागणी यांवर असे अस्खलित भाषण केले, की वार्ताहराने त्यांचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये ‘तज्ज्ञ सर बुलढाणा’ या नावाने त्याच क्षणी नोंदविला. पुढे जे काही घडले ते या नोंदीमुळे घडले. नोंदीत विषय लिहिलेला नव्हता.

आणि म्हणून पाऊस लांबला की सरांना फोन, सोयाबीनचा भाव पडला की सरांना फोन, समृद्धी महामार्गाला भेगा पडल्या की सरांना फोन. सर फोन पहिल्या घंटेला उचलतात. विद्वत्तेची लक्षणे आपल्या पूर्वाचार्यांनी पुष्कळ सांगितली असली, तरी पहिल्या घंटेला फोन उचलणे हे लक्षण त्यांच्या ध्यानात आले नव्हते, आणि आजच्या व्यवहारात बाकीची सर्व लक्षणे या एका लक्षणापुढे फिकी पडतात, हे ज्याने एकदा तरी वृत्तसंपादकाची संध्याकाळ जवळून पाहिली आहे तो मान्य करील.

सरांच्या कीर्तीला खरा बहर आला तो जून २०२० मध्ये. लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे देशाचा बराच भाग अजून घरात बसून होता, रोज रुग्णांचे आकडे ऐकून लोकांचा जीव विटला होता, आणि अशा वेळी आमच्या जिल्ह्यातील खारट, आम्लारीयुक्त पाण्याने हा रंग धारण केल्यामुळे दिल्लीच्या वाहिन्यांनाही बुलढाणा हा शब्द उच्चारण्याचा अभ्यास करावा लागला. प्रवास अवघड असल्यामुळे मुलाखती बहुतेक दूरदृश्य पद्धतीने होत, आणि त्या पद्धतीत तज्ज्ञाच्या पाठीमागे पुस्तकांचे कपाट असणे हा जणू कायद्याचा भाग झाला होता. सरांच्या कपाटात तोपर्यंत इस्त्रीचे कपडे, पापडाचे डबे आणि मुलीची बक्षिसे असत. ती सर्व सामग्री एका दुपारी पलंगाखाली गेली आणि तिच्या जागी मराठी विश्वकोशाचे शेजाऱ्यांकडून आणलेले चार खंड, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि, एक फळी रिकामी दिसू लागल्यामुळे, टेलिफोनची एक जुनी निर्देशिका पाठमोरी उभी राहिली. पापडांविषयी वहिनींनी जी कैफियत मांडली, ती ध्वनी बंद केलेला असल्यामुळे महाराष्ट्राला ऐकू गेली नाही.

त्या दिवशी सर काय बोलले? ते म्हणाले, की या घटनेकडे बहुआयामी दृष्टीने पाहिले पाहिजे. निसर्ग मानवाला संदेश देत असतो. टाळेबंदीत मानवी हस्तक्षेप थांबल्याचा हा परिणाम असू शकेल. तूर्त निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, तथापि शासनाने याची गंभीर दखल घ्यावी. या चार वाक्यांतील एकही वाक्य खोटे ठरविता येत नाही, आणि हीच सरांची सिद्धी. निवेदिकेने मग विचारले, ‘सर, हे सरोवर नेमके किती जुने?’ आता हा प्रश्न भल्याभल्यांची त्रेधा उडविणारा आहे. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली, त्यानंतर ते ज्वालामुखीचे की उल्केचे हा वाद पुष्कळ वर्षे चालला, आणि बेसाल्टातील आघाताच्या खुणांवरून तो उल्केच्या बाजूने १९७० नंतर निकालात निघाला, तरी वयाचा तंटा राहिलाच; एका पद्धतीने ते ५२ हजार वर्षे भरते, तर आरगॉन वायूच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात जाते. सरांना यातील अवाक्षर ठाऊक नव्हते. परंतु ते क्षणभरही न अडखळता म्हणाले, ‘हजारो, किंबहुना लाखो वर्षांपूर्वीचे.’ दोन्ही पक्षांचे भूवैज्ञानिक एका वाक्यात संतुष्ट करणारा दुसरा मनुष्य भारतवर्षात असेल, असे मला वाटत नाही.

इकडे वनखात्याने पाण्याचे नमुने घेतले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती सांगितले, की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा आहे. ही माहिती वर्तमानपत्रांत आली तेव्हा पाण्याचा गुलाबीपणा ओसरू लागला होता आणि निवेदिकेचा उत्साह तर केव्हाच ओसरला होता. तिने सरांना पुन्हा फोन केला तो टोळधाडीसाठी.

सरांच्याच महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या एक मॅडम आहेत. लोणारच्या वेळी वार्ताहर चुकून आधी त्यांच्याकडे गेला होता. मॅडम म्हणाल्या, ‘नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या काठाचा, किती खोलीवरचा, हे कळल्याखेरीज मला काही सांगता येणार नाही.’ ‘मॅडम, तीस सेकंदांत थोडक्यात सांगा ना!’ ‘तीस सेकंदांत मला नमस्कार सांगता येईल,’ असे म्हणून त्यांनी तो सांगितला आणि त्या प्रयोगशाळेत निघून गेल्या. त्यानंतर कोणत्याही वाहिनीने त्यांना तसदी दिलेली नाही. मॅडमना याचे सुख आहे की दुःख, हे त्यांनी कधी कळू दिले नाही; मात्र सर पडद्यावर दिसले की त्या आवाज वाढवायला सांगतात, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

पुढचा प्रसंग हसण्याचा नव्हता. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांच्या डोक्यावरचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी हातात येऊ लागले, आणि दोन-चार दिवसांत चांगली केसाळ माणसे टकली होऊ लागली. वाहिन्यांनी या व्यथेचे ‘टक्कल व्हायरस’ असे बारसे करून टाकले, आणि त्या गावांतील लेकीबाळींच्या सोयरिकींचे पुढे काय होईल, याचा विचार नामकरण करणाऱ्याला शिवला नाही. सरांना सकाळी एका वाहिनीने विचारले तेव्हा ते पाण्याविषयी बोलले, दुपारी दुसऱ्या वाहिनीवर शाम्पूविषयी बोलले आणि रात्रीच्या चर्चेत, जिथे पडद्यावर सहा चौकटी होत्या व पाच माणसे एकाच वेळी बोलत होती, तिथे ‘हे व्यवस्थेचे अपयश आहे’ असे तीनदा म्हणाले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके येऊन रक्ताचे, पाण्याचे, मातीचे नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, ज्यांची हयात विंचूदंशाच्या उपचारात गेली आणि जे कोणत्याही विद्यापीठाच्या पगारपत्रकावर नाहीत, ते स्वतः या गावांत आले, नमुने तपासून घेतले आणि त्यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. ही बातमी वाचून सरांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, ‘पाहिलेत? मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, की दोष व्यवस्थेत आहे. रेशन ही व्यवस्थाच नव्हे काय?’ यावर कोणाला काही उत्तर सुचले नाही.

या जिल्ह्यात सरांना प्रतिस्पर्धी एकच. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात: वर्तुळात अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, आणि शेजारी विड्याचे पान व सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातील महाराज मांडणी निरखून पाऊस, पीक, चारा व राजाची गादी यांविषयी भाकीत सांगतात, आणि पंचक्रोशीचे शेतकरी ते ऐकण्यासाठी अंधारातून येतात. सर या प्रथेवर दरवर्षी त्याच दिवशी संध्याकाळी टीका करतात. भाकिताला शास्त्रीय आधार नाही, असे ते ठणकावून सांगतात, आणि ते अगदी बरोबर आहे. मीही तेच म्हणेन. परंतु गेल्या खेपेला त्यांची मुलाखत संपल्यावर कॅमेऱ्याच्या मागे उभा असलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, ‘सर, तुमी लय चांगलं बोल्ले. पर यंदा पानी येते का नाई, ते काई सांगतलं नाई.’ सरांनी त्याला हवामानबदलाचे जागतिक संदर्भ समजावून दिले. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मंग पेरू का थांबू?’ भेंडवळच्या महाराजांचे भाकीत चुकले, तर आषाढात अख्खा तालुका त्यांना ते तोंडावर सांगतो. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता असल्यामुळे त्यांनी राजकीय भाकीत जाहीर करण्याचेही टाळले. सरांनी त्याच आठवड्यात तीन वाहिन्यांवर तीन वेगवेगळे पक्ष आघाडीवर ठेवले, आणि पुढे त्याबद्दल त्यांना कोणी चकार शब्दाने विचारले नाही. आदल्या महिन्याची ध्वनिफीत काढून ‘सर, आपण असे म्हणाला होतात’ असे विचारणारा निवेदक अजून जन्मास यावयाचा आहे.

एवढे सगळे लिहिले तरी सर अडाणी आहेत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. त्यांचा प्रबंध जिल्हा परिषदेच्या कारभारावर आहे. वसंतराव नाईक समितीचा अहवाल, १९६१ चा कायदा आणि १ मे १९६२ पासून उभी राहिलेली पंचायत राज्याची उतरंड त्यांना इतकी मुखोद्गत आहे, की एकदा चहाच्या दुकानात सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी खारपाणपट्ट्यातील एका गावच्या नळयोजनेची फाईल टेबलावर काढून दाखविली होती: ग्रामसेवकाचा प्रस्ताव येथून निघतो, पंचायत समितीत या टेबलावर मुरतो, अभियंत्याच्या शेऱ्यासाठी असा मागे फिरतो, आणि मार्च उलटला की निधी परत जातो. दहा मिनिटे ते बोलत होते. त्यात ‘बहुआयामी’ हा शब्द एकदाही आला नाही, आणि दोन ठिकाणी तर ते चक्क ‘हे मला ठाऊक नाही, तपासावे लागेल’ असे म्हणाले. शेगावकडच्या गावांत पाण्याची चर्चा तापली होती तेव्हा तेथील पाणी कोणी तपासावयाचे, अहवाल कोणाकडे जातो आणि तो कोठे अडकतो, हे या जिल्ह्यात ज्या मोजक्या माणसांना सांगता आले असते त्यांत सर एक होते. त्यांना शाम्पूविषयी विचारण्यात आले.

तरी मेहेरबान वृत्तसंपादकांस अर्ज करण्यात येतो, की बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे कारभार निवडून आलेल्या सभासदांवाचून प्रशासकाच्या हाती राहिला, या विषयावर आपल्या वाहिनीने सरांना एकदा तरी फोन करावा. ते पहिल्या घंटेला उचलतील. सरोवर पुन्हा रंग बदलेल तेव्हा मॅडमकडे जावे, आणि जाताना नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या काठाचा व किती खोलीवरचा, हे लिहून न्यावे.