डेर, डी आणि डास

काय म्हणता वहिनी? ऐकते, तुमचंही ऐकते, पण आधी हे सांगते, नाहीतर विसरून जाईन. पलीकडच्या काकूंची नात मास्तरीण होणार! अहो, तीच ती, वर्षभर जर्मनीत होती ती. जर्मन शिकवणार म्हणे. काकू मागे एकदा भिंतीशी आल्या त्या असा चेहरा करून, की मला वाटलं पोरीने तिकडचा कुणी पसंत केला. तर नाही. "चांगली नोकरी चालून आली होती, ती सोडून पुन्हा दप्तर घेऊन शिकायला बसलीय," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही आधी बसा बघू. आणि मग मी नुसतं ऐकून घेतलं. तुम्हाला माहीतच आहे, काकू एकदा सुरू झाल्या की समोरच्याला तोंड उघडायला मिळत नाही.

आता तुम्हाला मुळापासून सांगते. ती गेली होती ती नोकरीला नव्हे, सेवेला. तिकडे अशा मुलांना बुफ्डी म्हणतात. हसू नका, खरंच म्हणतात. मोठं लांबलचक सरकारी नाव आहे, त्याचं लाडकं रूप ते. पूर्वी जर्मनीत मुलांना सैन्यात जायची सक्ती होती. ज्याला बंदूक धरायची नसेल त्याने इस्पितळात नाहीतर वृद्धाश्रमात काम करायचं. २०११ मधे ती सक्ती थांबली आणि वृद्धाश्रमांत हात कमी पडायला लागले. मग सरकारने ही स्वयंसेवेची योजना काढली. वयाची वरची अट नाही, म्हणजे मीसुद्धा जाऊ शकते. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, जा, तिकीट मी काढतो.

तर ही ट्युबिंगेनजवळच्या एका गावात, वृद्धाश्रमात. खोली, जेवण आणि वरखर्चाला थोडे पैसे. जाताना रानडे इन्स्टिट्यूटला जर्मनच्या दोन परीक्षा देऊन गेलेली, त्यामुळे ऐट ही, की मला जर्मन येतं. पहिल्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला कॉरिडॉरमधून जाताना जो तो हिला म्हणतोय, "माल्त्साइट!" शब्दाचा अर्थ जेवणाची वेळ. हिला वाटलं, किती प्रेमळ माणसं, आपल्यासारखं 'जेवलीस का' विचारतायत. ही प्रत्येकासमोर थांबून सांगायची, "नाही हो, अजून नाही जेवले, काम आटपलं की जेवेन." तीन दिवस! चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातली बाई ताट घेऊन आली, म्हणाली, तुला इथे कुणी जेवायला देत नाही का? तेव्हा कळलं, ते नुसतं रामराम आहे. रामराम म्हणणाऱ्याला कुणी रामाची खुशाली सांगतं का?

पण खरी गंमत पुढेच आहे. जर्मनमधे आपल्यासारखंच असतं, डू म्हणजे तू आणि झी म्हणजे तुम्ही. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाहीत. ही वर्गात शिकलेली, मोठ्यांना झी. तरी तिथल्या आजोबांना बरोबर झी म्हणायची आणि आज्यांना खुशाल डू. एकदा एक आजोबा मिश्कीलपणे म्हणाले, माझ्यावर रागावलीयस का, बायकांशी एवढी सलगी नि मला लांब ठेवतेस? हिला आधी कळेचना. मग रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या उजेड पडला. आपल्याकडे आजीला तू म्हणतो नि आजोबांना तुम्ही! आई तू, बाबा बहुतेक घरांत तुम्हीच. पोरगी जर्मन शब्द बोलत होती पण घर सदाशिव पेठेतलंच चालवत होती. मला हे काकूंनी सांगितलं तेव्हा मी सबंध दिवस तेच घोळवत होते मनात. माझ्या सासूबाईंना मी अहो म्हणायचे आणि आईला ए. कुणी शिकवलं होतं मला?

बरं, मग तिने सगळ्या आज्यांना पुन्हा झी लावलं, माफी मागून. त्यातल्या एक आजी फार करारी. कधी कुणाशी धड बोलायच्या नाहीत. हिने रोज त्यांच्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या, तीन वाजता कॉफी-केकच्या टेबलापाशी खुर्ची ढकलत न्यायचं. चार महिन्यांनी एक दिवस मोजा चढवता चढवता आजी म्हणाल्या, आता तू मला डू म्हण. तिकडे असं रीतसर सांगावं लागतं, वडीलधाऱ्याने, धाकट्याने आपण होऊन नाही. ही सांगताना अजून रडते हो. काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाल्या, "मला जन्मापासून तू म्हणतेय, त्याचं काही नाही."

हे पाणी कसलं आलं पायाशी? तुमच्या माळ्याने नळी उघडी ठेवली असेल. असू दे, जास्वंदीला होईल. हो, बोला ना... एक मिनिट, एवढं संपवते.

तर परत आली. इथे दोन महिन्यांतच कुठल्याशा क्लासवाल्याने पकडलं. "जर्मनीत राहून आलात ना, मग झालं की! उद्यापासून या." तासावर पैसे. हिलाही वाटलं, येतंय ते सांगायचं, त्यात काय. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने हात वर केला. "मॅडम, स्वयंपाकघरात आहे याला 'इन डेर क्युशे' आणि स्वयंपाकघरात जाते याला 'इन डी क्युशे', असं का?" ही म्हणाली, तसंच म्हणतात. तो म्हणाला, "पण का?" वर्षभर ती त्या स्वयंपाकघरात शंभरदा गेलेली, तिथे बसलेली, तोंडून एकदा चुकलेलं नाही, आणि 'का' विचारल्यावर तोंडाला कुलूप. घरी आली ती तडक काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, आजी, मला पोहता येतं पण शिकवता येत नाही.

आता हसायला सोपं आहे. पण मला सांगा, 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी भाकरी खाल्ली', खाणारी मी तीच, मग क्रियापद आंब्या-भाकरीच्या तालावर का नाचतं? आणि खाताना 'मी आंबा खाते, मी भाकरी खाते', तेव्हा नाचत नाही! साठ वर्षं बोलतेय, कुणी विचारलं तर मीही म्हणेन, तसंच म्हणतात. चला, मूग गिळा.

म्हणून पोरीने शिकवायचं शिकायचं ठरवलं. मॅक्सम्युलर भवन ज्यांचं, त्या गोएथे इन्स्टिट्यूटचा कोर्स आहे, नाव 'डॉइच लेरेन लेर्नेन', जर्मन शिकवायला शिकणे. लेरेन म्हणजे शिकवणं, लेर्नेन म्हणजे शिकणं. मी म्हटलं, आपल्याकडे त्याहून सोपं, मधे एक 'व' घातला की शिकणारा शिकवणारा. ती म्हणाली, मावशी, त्या एका 'व'ला वर्ष लागतं. (तो मॅक्सम्युलर स्वतः कधी भारतात आला नाही बरं का. इंग्लंडमधे बसून ऋग्वेद छापला आणि इथे आपण त्याच्या नावाने जर्मन शिकतो.)

तेव्हापासून कट्ट्यावर आमचा वर्ग भरतो, कारण तिला सराव हवा. पहिल्या दिवशी म्हणाली, प्रत्येक नामाआधी डेर, डी किंवा दास. मला ऐकू आलं डास, मी उठले कासवछाप लावायला. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी, तिन्ही आपल्यासारखी, फक्त वाटणी वेगळी. चंद्र तो, हे जमलं. पण सूर्य तिकडे ती! आणि मुलगी? ते! काकू भडकल्याच, "मुलीला ते म्हणतात? सुधारलेले लोक?" तर ती म्हणाली, आजी, शेवटी 'शेन' लागलं की लहानपण येतं आणि लहानग्याचं लिंग 'ते'. आपल्याकडे नाही का लेकरू, पाखरू, वासरू, कोकरू? काकू गप्प. मीही गप्प. तुमच्या लक्षात आलं होतं कधी?

आकड्यांत तर आपण त्यांचे सख्खे निघालो. एकवीस म्हणजे त्यांचं 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. आधी एकक, मग दशक. इंग्रजीतून गणित केलेली मुलं बिचकतात, फोन नंबर उलटे लिहितात. मराठी आकड्यांची मुलं पटकन पकडतात म्हणे. आणि आपल्याकडे २०१९ मधे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' लिहिलं होतं, आठवतं ना केवढा गहजब झाला? मी तेव्हा इथेच उभं राहून तावातावाने बोलले होते, कुणाच्या बाजूने ते आता आठवत नाही. फक्त एकोणतीसपुढे जर्मन हात टेकतात. तिसाला एक कमी असं म्हणणारं डोकं आपलंच.

आणि कारण. 'मी येत नाही, कारण मी दमलेली आहे.' आपण 'आहे' शेवटी टाकतो. जर्मनमधे 'वाइल' आलं की त्यांचंही क्रियापद शेवटच्या डब्यात जाऊन बसतं, 'वाइल इश म्यूडे बिन'. कारण मी दमलेली आहे, शब्दाला शब्द! पण आपली मुलं मनात आधी इंग्रजी करतात आणि मधेच अडकतात. हिच्या वर्गात सांगलीकडची एक नर्स आहे. त्यांना तिकडच्या नोकरीसाठी बी-टू नावाच्या पायरीपर्यंत चढावं लागतं. इंग्रजी बेताचं म्हणून ती मागच्या बाकावर चोरून बसायची. हिने एक दिवस फळ्यावरचं सगळं इंग्रजी पुसलं नि म्हणाली, मराठीतून विचार करा. पहिलं बरोबर वाक्य त्या नर्सचं आलं. इंग्लिश मीडियमचे सगळे मान वळवून बघायला लागले. मग तिने विचारलं, पेशंटला 'कुठं दुखतंय' कसं विचारायचं? पुस्तकात तो धडा अजून लांब होता. ही म्हणाली, "वो टूट एस वे", आणि तिकडे आजी-आजोबा काय काय उत्तरं देतात तेही सांगितलं, गावठी जर्मनमधे. 'थोडंसं'ला तिकडे 'बिस्ले' म्हणतात, पुस्तकातला 'निश्त' तिथे 'नेट' होतो. आपल्या पोरीच्या तोंडी ते आता इतकं बसलंय, की तिच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वर्गात जरा शहरी बोल. आपल्या घाटावरच्या मुलीने मालवणी उचलावी तसं झालंय.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मधे, ही जिथे होती त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केलाय ना, इथली दहा हजार मुलं कामाला पाठवायची म्हणून. मी काकूंना म्हटलं, आता शिकवणाऱ्याला मरण नाही. काकू म्हणाल्या, "मरण नाही ते ठीक, पगार आहे का?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. तासावरच आहे अजून.

आता मुख्य सांगते. त्या कोर्सात एक असतं पेप. म्हणजे आपल्याच वर्गाबद्दल एक प्रश्न काढायचा आणि आपणच छडा लावायचा. हिने मोबाइल कोपऱ्यात ठेवून स्वतःचा तास रेकॉर्ड केला आणि रात्री घड्याळ घेऊन मोजत बसली, कोण किती बोललं. पंचेचाळीस मिनिटांत एकतीस मिनिटं हीच! बाकी पंधरा मुलांत मिळून चौदा. त्यातली काही नुसती 'येस मॅडम'. पोरीचा चेहरा पडला. म्हणाली, त्या करारी आजी मला कधी शिकवायला बसल्या नाहीत. विचारायच्या, आणि मी शब्द शोधेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. किती वेळ लागू दे. मी त्या शांततेत शिकले आणि वर्गात मात्र कुणाला श्वास घेऊ देत नाही. तेव्हापासून तिने नेम केलाय, प्रश्न विचारला की पाच सेकंद गप्प. मनात मोजायचे. पाच म्हणजे फार असतात हो, करून बघा. दुसऱ्या का तिसऱ्यालाच ओठ शिवशिवतात.

तर तिला मोजायचा सराव हवा म्हणून तिने आमचं, म्हणजे काकूंचं नि माझं, कट्ट्यावरचं बोलणं रेकॉर्ड केलं. विचारून केलं, उगाच नाही. बारा मिनिटं. मी आधीच म्हटलं, काय लागणार ते मला माहीत आहे, काकूंपुढे मला कुठे वाव मिळतो. काल वही घेऊन आली. काकू साडेतीन मिनिटं. कुकर नि भाजीवाला मिळून दीड. मी... सात!

मला पटलंच नाही. मी म्हटलं, पुन्हा मोज, तुझ्या आजीचा आवाज माझ्यासारखाच आहे. तर काकू हसतायत नुसत्या, पदर तोंडाला लावून. तसं बघायला गेलं तर त्या दिवशी मला सांगायचंच जास्त होतं, मोलकरणीचं झालं होतं ना ते. आणि हुंकार देणाऱ्याचं कोण मोजतं? काकू हूं हूं करतात ते निम्मं बोलणंच की. मी तिला तसं सांगितलं, चांगलं दहा मिनिटं समजावलं.

पण मी ठरवलंय वहिनी. आजपासून मीही पाच सेकंद. तुम्ही मघापासून काहीतरी सांगताय, बोला. मी गप्प. आइन्स... त्स्वाय... हे त्स्वाय जिभेला चावतं बघा, मी तिला म्हटलं... बरं, बरं, गप्प. द्राय... फिअर...

काय? टाकी? आमची? कधीपासून वाहतेय? अहो, मग मघाशीच बोलायचं नाही का!